वाट दाखवणे हाही सदका

“बाई, आम्ही मुलीला गाडीत गप्प बसायला शिकवतो आणि तुम्ही तिला गाडीत बोलायला शिकवताय!”

मुलुंडला राहणाऱ्या एका अम्मीने मला हे ऐकवले. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. तिची मुलगी नववीत. इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारी, विचारले तरच तोंड उघडणारी. सुट्टीसाठी मी एक छोटासा उपक्रम काढला होता आणि त्यात या मुलीने, कुणी न सांगता, आपले नाव दिले होते.

उपक्रम असा होता. रविवारी दुपारी, गर्दी नसताना, मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी धीमी लोकल पकडायची. सोबत मुलांच्या घरची माणसे. पाच मुलांनी स्थानके आपसात वाटून घ्यायची आणि आपले स्थानक आले की घरच्यांना सांगायचे: हे नाव कशावरून पडले, इथे काय घडले, खिडकीतून काय दिसते. थोडक्यात, मुलांनी चालत्या गाडीतले गाईड व्हायचे.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत तिथली राष्ट्रीय उद्याने सांभाळणारे खाते आणि अॅमट्रॅक ही प्रवासी रेल्वे यांनी मिळून ‘ट्रेल्स अँड रेल्स’ नावाचा कार्यक्रम कित्येक वर्षे चालवला. लांबच्या गाडीत स्वयंसेवक चढायचे आणि खिडकीबाहेरून सरकणारे डोंगर, नद्या, गावे यांची गोष्ट प्रवाशांना सांगायचे. हे वाचले आणि मनात आले, आपली हायस्कूलची मुले हे का करू शकणार नाहीत? आणि त्यासाठी आमच्या लाइनीपेक्षा चांगली लाइन कुठली? देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ती याच वाटेने. चौदा डबे, तीन इंजिने, चारशेच्या आसपास पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. ज्या रुळांवरून आपली मुले रोज शाळा-क्लासला जातात, त्या रुळांचा हा इतिहास आहे.

पण त्या अम्मीचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ती म्हणाली, “बाई, 2023 ची ती बातमी तुम्ही विसरलात का?” मी विसरले नव्हते. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत पालघरजवळ गोळीबार झाला. चार माणसे गेली. त्यांतले तिघे मुसलमान प्रवासी होते आणि आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचाच शिपाई होता. तेव्हापासून आपल्या किती घरांत प्रवासाला निघताना नव्या सूचना सुरू झाल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. डब्यात कुणाशी वाद घालू नकोस. फोनवर मोठ्याने सलाम करू नकोस. नाव विचारले तर नुसते टोपणनाव सांग. अशा सूचना देणाऱ्या आईला मी भित्री म्हणणार नाही. मीही माझ्या घरात त्या दिल्या आहेत.

म्हणून मी तिला खोटा धीर दिला नाही. एवढेच म्हटले, “तू पण चल. मुलीच्या शेजारीच बस. तुला बरे वाटले नाही तर पुढच्या स्टेशनला उतरू या.” आणि एक गोष्ट आठवण करून दिली. वाट चुकलेल्या माणसाला वाट दाखवणे हासुद्धा सदका आहे, अशा आशयाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कुरआनात तर पृथ्वीवर फिरून पाहण्याचा उपदेश पुन्हा पुन्हा येतो आणि जकातीच्या हकदारांत मुसाफिराचाही समावेश आहे. प्रवासी आणि वाटाड्या, दोघांनाही आपल्या दीनमध्ये मान आहे. अम्मी हसली नाही, पण “बघते” म्हणाली.

तयारीला आम्हाला चार रविवार लागले. पहिला नियम ठरला, तीन वाक्यांचा. दोन स्थानकांमध्ये दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यात भाषण बसत नाही. एक वाक्य नावाचे, एक घटनेचे, एक खिडकीबाहेरचे. दुसरा नियम, कुठल्या बाजूची खिडकी ते आधी सांगायचे: पूर्वेची की पश्चिमेची. तिसरा नियम, गाडी वेगात असताना ओरडायचे नाही; वेग कमी झाला की बोलायचे. आणि चौथा नियम मुलांना सगळ्यात अवघड गेला. ठाऊक नसेल तर “माहीत नाही, विचारून सांगतो” म्हणायचे, ठोकून द्यायचे नाही. मुलांना हे कमीपणाचे वाटत होते. मग मी त्यांना इमाम मालिक यांची गोष्ट सांगितली. एवढे मोठे इमाम, पण दूरदुरून माणसे प्रश्न घेऊन येत आणि त्यांतल्या कित्येक प्रश्नांना ते सरळ “मला माहीत नाही” असे उत्तर देत. मुलांचे चेहरे खुलले. त्यानंतर चार रविवार ते मलाच “माहीत नाही” म्हणत राहिले!

माहिती मात्र त्यांनी मन लावून गोळा केली. भांडुप ज्याच्या वाट्याला आले होते, त्याला कळले की आपल्या रेल्वेची कल्पनाच भांडुपला जन्मली. 1843 साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढचे घाट लोखंडी रस्त्याने जोडावेत हा विचार त्यांच्या मनात आला, अशी नोंद आहे. तो मुलगा भांडुपलाच राहतो. “बाई, आमच्या भांडुपला?” असे तो तीनदा म्हणाला. घाटकोपरच्या मुलाने मेट्रो निवडली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली; अंतर साधारण साडेअकरा किलोमीटर, स्थानके बारा. त्याची दादी अंधेरीला राहते. पूर्वी तिच्याकडे जायचे म्हणजे दादरला जाऊन लाइन बदलायची, नाहीतर बसमध्ये ताटकळायचे. त्याने हे सगळे एका वाक्यात बसवले: “मेट्रोने माझी दादी जवळ आणली.” कुर्ल्याच्या वाट्याला वीज आली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बरच्या मार्गाने कुर्ल्याला आली.

ठरलेल्या रविवारी जोहरची नमाज पढून आम्ही निघालो. ती अम्मी आली होती. मुलीला तिने खिडकीशी बसवले आणि स्वतः तिच्या आणि बाकीच्या डब्याच्या मध्ये बसली. डबा अर्धा रिकामा होता. नाहूर गेले. भांडुपच्या मुलाने धीर करून सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला घसरला. “पहिली गाडी सीएसएमटीहून सुटली,” असे म्हणाला.

समोर वर्तमानपत्र वाचत एक वयस्कर काका बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला. माझ्या शेजारच्या अम्मीचा हात मुलीच्या हातावर गेला. काका म्हणाले, “बाळा, तेव्हा ती इमारत होती कुठे? गाडी बोरीबंदरहून सुटली. इमारत नंतरची.”

मुलगा लाल झाला. पण चौथा नियम त्याच्या कामी आला. “बरोबर काका, चुकलो. इमारत 1888 ची,” तो म्हणाला. काकांनी पेपरची घडी घातली. “पुढचे सांग,” म्हणाले आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. मुंबईच्या लोकलमध्ये माणसाने आपण होऊन सरकणे म्हणजे काय, ते रोज चौथ्या सीटवर अर्धे टेकून प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको.

सायन आले तेव्हा पश्चिमेच्या खिडकीची पाळी होती. पहिल्या गाडीची इंजिने पाणी भरायला इथे थांबली होती असे सांगतात. आणि याच बाजूला धारावी. धारावीचे नाव घेतले की लोक नाक मुरडतात, म्हणून या मुलीला मी मुद्दाम धारावी दिली होती. ती म्हणाली, “इथे एकोणिसाव्या शतकात सर आदमजी पीरभॉय यांचा चामडे कमावण्याचा मोठा कारखाना होता. लहानपणी त्यांनी काड्यापेट्या विकल्या आणि 1897 साली ते मुंबईचे शेरीफ झाले.” मग श्वास घेऊन तिने पुढचे वाक्य टाकले: “तुम्ही माथेरानला ज्या छोट्या गाडीने जाता, ती त्यांच्या मुलाने बांधली.”

हे डब्यात कुणालाच माहीत नव्हते, काकांनाही नाही. नेरळ-माथेरान रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभी केली. 1904 साली काम सुरू झाले आणि 1907 साली गाडी धावू लागली. दोन फूट रुंदीचा रूळमार्ग, वीसेक किलोमीटरचा चढ, नेरळनंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज अशी स्थानके. सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला आणि तो पीरभॉय घराण्याने उचलला. पावसाने दरडी कोसळतात, रूळ वाहून जातात, गाडी काही काळ बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. आपल्यातली कितीतरी कुटुंबे ईदनंतर माथेरानला जातात. वळणावळणावर मोबाइलवर फोटो काढतात. ही वाट कुणी बांधली, हे मुलांना सांगणारे डब्यात कुणी नसते. सांगायचे ते आपणच.

भायखळ्यापासून पुढची स्थानके पुन्हा त्याच मुलीची होती. भायखळा हे 1853 च्या पहिल्या मार्गावरचे जुने स्थानक. त्याच्या इमारतीची जशी होती तशी दुरुस्ती झाली आणि 2022 साली तिला वारसा-जतनासाठी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. मग सँडहर्स्ट रोड गेले आणि मस्जिद आले.

“अम्मी, हे मस्जिद म्हणजे आपली मशीद नाही,” ती म्हणाली.

अम्मी चमकली. आजवर शेकडो वेळा ती या स्थानकावर उतरली होती, लग्नाचा बस्ता घ्यायला, सुकामेवा घ्यायला. मुलीने सांगितले: कोकणातून मुंबईला आलेल्या बेने इस्रायली यहुदी लोकांनी 1796 साली इथे आपले प्रार्थनाघर बांधले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते बांधवले. हे लोक मराठी बोलणारे, तेल गाळण्याचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणत आणि स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनाघर, त्याला अरबी नाव, आणि ते नाव घेणारी माणसे मराठी. हे असे फक्त मुंबईतच होऊ शकते.

शेवटी टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा आराखडा, 1878 ला काम सुरू, दहा वर्षांनी पूर्ण, 2004 पासून जागतिक वारसा यादीत. पण मुलांना त्यातले एकच सांगायचे होते, आणि ते सांगताना पाचही जण एकदम बोलले: या इमारतीवरचे कोरीवकाम, ती पाने, फुले, प्राणी, हे सारे घडवण्यात मुंबईच्या आर्ट स्कूलच्या, म्हणजे आजच्या जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. ज्या इमारतीपुढे जगभरचे पर्यटक उभे राहून फोटो काढतात, ती सजवणारे हात विद्यार्थ्यांचे होते. मग तिची गोष्ट विद्यार्थ्यांनी सांगितली तर त्यात नवल काय?

अंधेरी-बोरीवलीच्या वाचकांना वाटेल, बाईंना फक्त सेंट्रल दिसते. तसे नाही. पश्चिमेच्या लाइनीवर सामान जास्तच आहे. बोरीवलीच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आणि त्यात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी, दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांसकट. जोगेश्वरीला लेणी, अंधेरीला गिल्बर्ट हिल हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा उभा कातळ. वांद्र्याच्या जुन्या स्थानकाची देखणी इमारत. आणि माहीमला मखदूम अली माहिमी. 1372 ते 1431 हा त्यांचा काळ. लोक त्यांना दर्ग्यामुळे ओळखतात. ते कुरआनाचे मोठे भाष्यकार होते, हे आपल्याही मुलांना सांगावे लागते. त्यांच्या उरुसाला पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात. मुलींनी सांगावे असेही एक आहे: 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल चर्चगेट ते बोरीवली धावली.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर मुमताज काझी यांच्याबद्दल बोलायलाच हवे. मध्य रेल्वेच्या सीएसएमटी-ठाणे मार्गावर, म्हणजे घाटकोपर-मुलुंडवरून, लोकल चालवणाऱ्या मोटरवुमन. डिझेल इंजिन चालवणाऱ्या पहिल्या महिला म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले आणि 2017 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. त्यांचे वडील स्वतः रेल्वेत होते, तरी मुलीने इंजिन चालवावे हे त्यांना आधी पटले नव्हते. मग स्नेह्यांनी आणि रेल्वेतल्याच सहकाऱ्यांनी समजावले आणि ते राजी झाले. आपल्याला त्यांचा पुरस्कार आठवतो. मला त्यांच्या वडिलांचे ते राजी होणे जास्त मोलाचे वाटते.

पुढे यात रोजगारही आहे. सीबीएसईच्या नववी-दहावीला पर्यटन हा विषय घेता येतो. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने शाळा-कॉलेजांसाठी युवा टुरिझम क्लबची योजना काढली आहे. बारावीनंतर पर्यटन-मार्गदर्शनाचे प्रशिक्षणही उपलब्ध आहे. मराठी, उर्दू, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी येणारी आपली मुले या कामात कुठेही मागे पडणार नाहीत. चार भाषा ही आपल्या घरातली फुकटची दौलत आहे. आपण ती मोजत नाही एवढेच.

ज्यांना आपल्या घरी, मोहल्ल्यात किंवा शाळेत हे करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी अनुभवातून आलेल्या काही गोष्टी. सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळा. रविवारची दुपार उत्तम. श्रोते आपल्याच घरचे असू द्या, शेजारचे प्रवासी कान देतात तेवढे पुरे. मुलांना दाराशी उभे करू नका. कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका; गाडीत परवानगीशिवाय विकणे किंवा पैसे मागणे गुन्हा आहे. मोठा गट न्यायचा असेल तर शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करून रेल्वेची लेखी परवानगी आधी घ्या. वयस्कर माणूस उभा दिसला की गाईडने आधी जागा सोडायची, मग बोलायचे. आणि प्रत्येक माहिती दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय सांगायची नाही. आपल्या मुलाने चुकीचे सांगितले तर लोक त्याला एकट्याला चूक म्हणत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून त्याची तयारी थोडी जास्तच हवी.

मला या सगळ्यातून जे मिळाले ते साधे आहे. घरात पाहुण्याला “हे आमचे अंगण, हा आजोबांनी लावलेला आंबा” असे सांगतो तो यजमान. जो गप्प बसून इकडेतिकडे पाहतो तो पाहुणा. आपल्या मुलांनी आपल्याच शहरात किती वर्षे पाहुण्यासारखे बसायचे? भीती एका रविवारात जात नाही, आणि तिची कारणेही एका रविवारात संपत नाहीत. पण भांडुपची गोष्ट सांगणारा मुलगा भांडुपचा असतो. त्याच्या तोंडून ती ऐकणाऱ्यालाही हे कळते.

परतीच्या गाडीत मुले दमून गप्प झाली होती. मस्जिदला एक बाई कडेवरचे मूल आणि हातातली मोठी पिशवी सावरत चढल्या. गावाकडून आल्या असाव्यात. बाहेरची पाटी वाचून त्यांनी विचारले, “इथली मशीद मोठी आहे का हो?” मुलीने तोंड उघडले, पण तिच्याआधी तिची अम्मी बोलली. “बसा ना इथं,” म्हणत तिने सरकून जागा केली आणि सांगू लागली, “ऐका, त्या नावाची गंमत आहे...”

मुलीने माझ्याकडे पाहिले. तीन वाक्यांचा नियम अम्मीने केव्हाच मोडला होता. भायखळा येईपर्यंत ती बोलतच होती.